रिकाम्या कॅम्पसमध्ये आठ आठवडे: सस्टेनेबिलिटी कक्षातल्या इंटर्नने काय मोजावं?

प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचं पहिलं वर्ष संपलंय. विद्यापीठाच्या सस्टेनेबिलिटी कक्षात मे-जूनमध्ये आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळालीय. ‘कॅम्पसचा कार्बन फूटप्रिंट काढा, जमल्यास कचऱ्याचं ऑडिट करा’ एवढंच सांगितलंय. पण सुट्टी लागलीय आणि वसतिगृहं रिकामी आहेत. मग मोजायचं काय?

सुट्टीत काय मोजता येतं आणि काय येत नाही, हे पहिल्याच दिवशी वेगळं करा. कचरा, मेसमधलं उष्टं, विद्यार्थी कशाने येतात-जातात, हे मे महिन्यात मोजलं तर आकडा खोटाच येणार. उलट वर्षभराची बिलं गोळा करणं आणि माणसं नसताना किती वीज व पाणी वाहतंय ते पकडणं, ही दोन कामं सुट्टीतच उत्तम होतात. वसतिगृहात कोणी नसताना टाकी उतरत असेल, तर ती गळतीच. ऑगस्टमध्ये हे सांगता येत नाही, कारण रात्री दोन वाजताही कोणीतरी कपडे धूत असतं. म्हणून पहिले सहा आठवडे वीज, पाणी आणि बिलांना द्या. कचऱ्याला शेवटचे दोन पुरतात.

सुरुवात कागदांपासून. कक्षप्रमुखांकडून कुलसचिवांच्या सहीचं एक पानी पत्र घ्या. त्यात काय हवं ते नेमकं लिहा: उच्चदाब आणि लघुदाब अशा सर्व वीजजोडण्यांची बारा महिन्यांची देयकं, जनरेटरचं लॉगबुक, डिझेल खरेदीच्या पावत्या, मेस आणि कँटीनच्या गॅस सिलिंडरची नोंद, एसीच्या वार्षिक देखभाल कंत्राटाचे सर्व्हिस रिपोर्ट, टँकरचं रजिस्टर, सोलर इन्व्हर्टरची मासिक निर्मिती. ‘ऊर्जेसंबंधी माहिती द्यावी’ असं मोघम पत्र टेबलावर पडून राहतं. जावक क्रमांकासह गेलेलं पत्र लेखा विभाग, इस्टेट विभाग आणि भांडार अशा तिन्ही ठिकाणी स्वतः घेऊन जा. वीजबिलांच्या प्रती लेखा विभागात असतात, पण कुठला मीटर कुठल्या इमारतीचा हे वायरमनलाच ठाऊक असतं. त्याच्याबरोबर एक दिवस फिरा आणि प्रत्येक मीटरचा फोटो, ग्राहक क्रमांक व इमारत यांची यादी बनवा. जुन्या कॅम्पसवर ज्या इमारतीचा वापर बदललाय तिचं बिल अजून जुन्याच नावाने येत असतं, हे याच फेरीत कळतं.

वर्ष कोणतं धरायचं? एप्रिल ते मार्च, म्हणजे आर्थिक वर्ष. शैक्षणिक वर्ष विद्यार्थ्याला सोयीचं वाटतं, पण पावत्या सगळ्या आर्थिक वर्षाच्या फायलींत असतात. २०२०-२१ आणि २०२१-२२ ही कोविडची वर्षं पायाभूत वर्ष म्हणून कधीही घेऊ नका. त्यांच्याशी तुलना केली की पुढचं प्रत्येक वर्ष वाईटच दिसतं.

मग हद्द ठरवा आणि ती लिहून ठेवा. प्राध्यापकांच्या निवासस्थानांची बिलं ते स्वतः भरत असतील तर ती तुमच्या हिशेबाबाहेर. आवारातली बँक, पोस्ट, मोबाइल टॉवर विद्यापीठाच्या मीटरवरून सबमीटरने वीज घेत असतील तर तेवढी युनिट्स वजा. कँटीन कंत्राटदाराकडे आहे आणि सिलिंडर तोच आणतो, तर तो गॅस स्कोप १ मध्ये (संस्थेचं स्वतःचं थेट उत्सर्जन) की स्कोप ३ मध्ये (संस्थेशी जोडलेलं, पण दुसऱ्यांकडून होणारं)? ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार हे नियंत्रण कोणाचं यावर ठरतं. दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. एक बाजू घ्या, कारण लिहा, पुढच्या वर्षी तीच ठेवा. दरवर्षी हद्द बदलणारे अहवाल कवडीमोलाचे असतात.

आता वीजबिल. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (प्रत्यक्ष कामी आलेली आणि न आलेली, दोन्ही वीज धरून येणाऱ्या आकड्यावर) होते. बिलावर ठळक दिसणारा आणि पैशांशी जुळणारा आकडा तो. कार्बनचा गुणक (युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड) मात्र केडब्ल्यूएचला, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेल्या युनिट्सना लावायचा असतो, आणि तो आकडा त्याच बिलावर वेगळ्या रकान्यात असतो. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९५ असेल तर चुकीचा रकाना उचलल्याने उत्सर्जन पाच टक्क्यांनी फुगतं.

दुसरी चूक मीटरच्या गुणक अवयवाची (मल्टिप्लाइंग फॅक्टर). मोठ्या मीटरला करंट ट्रान्सफॉर्मर असतात, ते प्रवाह ठरावीक पटीने लहान करून मीटरला देतात. मीटरच्या पडद्यावरच्या फरकाला बिलावर छापलेल्या गुणक अवयवाने गुणल्याशिवाय खरी युनिट्स मिळत नाहीत. बिलातल्या युनिट्समध्ये हा गुणाकार झालेला असतो, तुम्ही स्वतः घेतलेल्या वाचनात नसतो.

तिसरी सोलरची. नेट मीटरिंग (जादा सोलर वीज ग्रिडला देण्याची सोय) असेल तर कॅम्पसचा एकूण वापर म्हणजे आयात अधिक सोलर निर्मिती वजा निर्यात. पण ग्रिडमुळे होणारं उत्सर्जन काढताना फक्त आयात युनिट्स घ्यायची. आयातीतून पुन्हा सोलर निर्मिती वजा करणारे महाभाग बरेच आहेत. छतावर तयार होऊन तिथेच वापरली गेलेली वीज मीटरपर्यंत आलेलीच नसते, मग ती वजा कशातून करणार? सोलरचा आकडा पडताळायला ढोबळ माप असं: महाराष्ट्रात एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं. मे महिन्यात त्याहून कमी दिसलं तर आधी पॅनेलवरची धूळ बघा.

गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीतून घ्या. राष्ट्रीय ग्रिडची भारित सरासरी २०२२-२३ साठी युनिटमागे ०.७१६ किलो कार्बन डायऑक्साइड होती, २०२३-२४ साठी ०.७२७. बिलं ज्या वर्षाची, गुणकही त्याच वर्षाचा. इंटरनेटवर सापडणारे ०.८२ वगैरे आकडे जुने आहेत. परदेशी कॅल्क्युलेटर तर वापरूच नका, त्यांत ग्रिड दुसऱ्या देशाची असते.

एक नमुना मांडतो, आकडे कल्पित आहेत. वर्षाला १२ लाख युनिट्स गुणिले ०.७२७ म्हणजे सुमारे ८७२ टन. मेसचे १९ किलोचे ४०० सिलिंडर म्हणजे ७,६०० किलो एलपीजी. किलोमागे साधारण २.९८ किलो कार्बन डायऑक्साइड धरलं तर २२.६ टन. जनरेटरचं ६,००० लिटर डिझेल, लिटरला २.६८ प्रमाणे १६ टन. बेरीज ९११ टनांच्या घरात आणि त्यात वीज ९५ टक्क्यांहून जास्त. हे प्रमाण पहिल्याच आठवड्यात ढोबळ काढून बघा, म्हणजे वेळ कुठे घालवायचा ते कळेल. गवत कापायच्या यंत्राच्या पेट्रोलसाठी तीन दिवस पावत्या शोधत बसायचं कारण नाही. अंदाज लिहा आणि पुढे सरका.

एक गोष्ट मात्र लहान दिसते आणि असते मोठी: एसीत भरलेला गॅस. आर-४१०ए या वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट धरतात, आर-३२ ची ६७५ पट. वर्षभरात गळतीपायी २० किलो आर-४१०ए पुन्हा भरला असेल तर ते जवळजवळ ४२ टन होतात, वरच्या मेस आणि जनरेटरच्या बेरजेहून जास्त. हा आकडा कुठल्याच बिलावर नसतो, कंत्राटदाराच्या सर्व्हिस रिपोर्टवर ‘गॅस चार्जिंग केले’ एवढंच असतं. वायू कोणता आणि किती किलो, ते त्याच्याकडून लिहून घ्या. नाहीच मिळालं तर एसीच्या नामपट्टीवर भरलेल्या वायूचं नाव आणि वजन असतं. ‘पूर्ण भरला’ असं समजून ते वजन धरा आणि अंदाज असल्याचं नमूद करा. जुन्या एसींतला आर-२२ क्योटो करारातल्या वायूंत येत नाही, म्हणून तो बेरजेत न घेता वेगळा दाखवतात.

आता सुट्टीतलं खरं काम. शनिवारी रात्री ११ वाजता मुख्य मीटरचं केडब्ल्यूएच वाचन घ्या, रविवारी पहाटे ५ ला पुन्हा. समजा फरक १४.४ आणि गुणक अवयव २०. म्हणजे सहा तासांत २८८ युनिट्स, सरासरी ४८ किलोवॉट. वसतिगृहं बंद, वर्ग बंद, तरी ४८ किलोवॉट! हा भार वर्षभर असाच चालू राहिला तर ४८ गुणिले ८,७६० तास म्हणजे ४,२०,४८० युनिट्स होतात, म्हणजे वरच्या नमुन्यातल्या एकूण विजेच्या ३५ टक्के. एका रात्रीवर विश्वास ठेवू नका. तीन रात्री घ्या, त्यातली एक तरी कामाच्या दिवसाची हवी. उच्चदाब मीटरमध्ये दर १५ किंवा ३० मिनिटांची नोंद साठलेली असते. विद्युत अभियंत्यांमार्फत अर्ज करून ती मिळाली तर जागरणाची गरज नाही. पण अर्जाला वेळ लागतो, तेव्हा तो पहिल्याच आठवड्यात टाका.

हा भार नेमका कशाचा? वायरमनला बरोबर घेऊन प्रत्येक फीडरवर (इमारतींकडे जाणाऱ्या वीजवाहिनीवर) टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती पकडून प्रवाह मोजणारं उपकरण, लावून बघायचं. पॅनेल उघडायचं काम परवानाधारक वायरमनचं. इंटर्नने दोन हात लांब उभं राहून आकडे लिहायचे, उत्साहाच्या भरात हात घालायचा नाही. रस्त्यावरचे दिवे, सर्व्हर रूम आणि तिचा एसी, प्रयोगशाळेतले डीप फ्रीझर, हे रास्त धनी. बाकी सापडतं ते असं: रिकाम्या वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर थंड पाणी राखत बसलेले वॉटर कूलर, कोणीही नसलेल्या सभागृहातले स्टॅबिलायझर, चोवीस तास चालू एक्झॉस्ट पंखे, ताण नसतानाही ऊर्जा खाणारे ट्रान्सफॉर्मर. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर असतील तर सुट्टीत एक बंद ठेवता येतो का, हे अभियंत्यांना विचारा. निर्णय त्यांचा. पॉवर फॅक्टर सुधारायला बसवलेली कपॅसिटर बँकही बघा. भार कमी असताना कायम जोडलेले कपॅसिटर पॉवर फॅक्टर दुसऱ्या बाजूला, म्हणजे लीडिंगकडे नेतात, आणि केव्हीएएच आकारणीत त्याचाही भुर्दंड बसतो. मे महिन्याच्या बिलात लीडिंगचा रकाना फुगलेला दिसला तर कारण बहुधा हेच.

पाण्याची चाचणी त्याहून सोपी. रात्री १० ला पंप बंद, टाकीत काठी बुडवून पातळीची खूण, पहाटे ५ ला दुसरी खूण. टाकी ६ बाय ५ मीटर आणि पातळी १० सेंटीमीटर उतरली, तर ३ घनमीटर म्हणजे ३,००० लिटर गेले. सात तासांचे ते, चोवीस तासांचे १०,००० च्या वर. रोजचा एक दहा हजारी टँकर जमिनीत मुरतोय, हे वाक्य मे महिन्यात इस्टेट विभागाला लगेच कळतं. या चाचणीत फसगत दोन ठिकाणी होते. टाकीत पाणी येणारा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर आत पाणी येत राहतं आणि गळती लपते. एका टाकीतून दुसरीत बॉलकॉकने पाणी जात असेल तर पहिली उतरते, पण ती गळती नसते. म्हणून आवक-जावक दोन्ही व्हॉल्व्ह बघूनच खूण करा, आणि कोण कोण राहतंय (रखवालदार, संशोधक विद्यार्थी) त्याचा वापर वजा करा. वसतिगृहात राहणाऱ्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि दिवसा येऊन जाणाऱ्याला ४५ लिटर, हे भारतीय मानकातलं नियोजनाचं माप यासाठी पुरे.

गळती सापडली की एकेक शाखेचा व्हॉल्व्ह बंद करून चाचणी पुन्हा करा, दोन-तीन रात्रींत शाखा कळते. जमिनीखालचा पाइप फुटला असेल तर तो प्लंबरचा विषय, पण निम्म्या वेळा गुन्हेगार फ्लशच्या टाक्या निघतात. टाकीत जिलबीचा रंग चिमूटभर टाका आणि फ्लश न करता पंधरा मिनिटं थांबा. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. वॉशरची किंमत किरकोळ असते, पण अशा चाळीस टाक्या एका वसतिगृहात असतात. बोअरवेलला मीटर नसेल तर २०० लिटरचा पिंप किती सेकंदांत भरतो ते तीनदा मोजा, सरासरीवरून तासाला किती लिटर ते काढा आणि त्याला पंपाच्या रोजच्या तासांनी गुणा. उन्हाळ्यात पाणी खोल गेल्याने हा प्रवाह पावसाळ्याहून कमी असतो, म्हणून ऑगस्टमध्ये हेच पुन्हा मोजायला सांगून ठेवा.

कचऱ्याकडे जूनच्या शेवटी वळा, मेस थोडीफार सुरू झाल्यावर. पूर्ण ऑडिटचा नाद सोडा, रंगीत तालीम करा आणि ऑगस्टसाठी तक्ता तयार ठेवा. मेसमध्ये तीन टब: भाजीची साल-देठं, ताटातलं उष्टं, पातेल्यात उरलेलं. तिन्हीची कारणं वेगळी आहेत आणि इलाजही. उष्टं जास्त असेल तर वाढण्याची पद्धत किंवा चव, पातेल्यात उरत असेल तर जेवणाऱ्यांचा अंदाज चुकतोय. ५० किलोचा लटकता काटा पुरतो, रिकाम्या टबचं वजन आधी वजा करा. डाळ-आमटी उष्ट्यात मिसळली की अर्धं पाणीच तोललं जातं, म्हणून चाळणीत दोन मिनिटं निथळू द्या आणि रोज तसंच करा. आकडा माणशी ग्रॅममध्ये मांडा, जेवणाऱ्यांची संख्या कूपन रजिस्टरवरून. सलग सात दिवस हवेत. रविवारची मेजवानी आणि मंगळवारची कोबीची भाजी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि मधे एकादशी आली तर खिचडीच्या दिवशी उष्टं जवळजवळ शून्य. तसा दिवस वेगळा नोंदवा.

वजन करताना एक उंबरठा लक्षात असू द्या. देशाच्या घनकचरा नियमांनुसार रोज सरासरी १०० किलोहून जास्त कचरा करणारी संस्था ‘मोठी कचरानिर्माती’ ठरते. दोन-तीन वसतिगृहांचं विद्यापीठ हा आकडा सहज ओलांडतं.

कॅम्पसवर बायोगॅस संयंत्र असेल तर मे महिन्यात ते मरतंय का बघा. सुट्टीत खाद्य बंद झालं की आतले जीवाणू उपाशी, आणि जुलैत एकदम पूर्ण टब ओतले की आतलं द्रावण आंबट होतं, गॅस थांबतो. सुट्टीभर थोडं शेण-पाणी रोज घालायचं आणि मेस सुरू झाल्यावर भार दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवायचा. ‘संयंत्र बंद पडलंय, कंपनी प्रतिसाद देत नाही’ अशा तक्रारींतल्या बऱ्याच मुळात उपासमारीच्या असतात.

झाडांविषयी. कक्षात कोणीतरी म्हणेलच की आपल्याकडे हजारो झाडं आहेत, ती वजा करा. झाडामागे वर्षाला २० किलो असा ढोबळ आकडा सर्रास वापरतात. तो मान्य केला तरी वरच्या नमुन्यातली फक्त वीज भरून काढायला ४३,६०० झाडं लागतील. झाडांची गणना वेगळ्या पानावर द्या, बेरजेतून वजा करू नका.

शेवटी अहवाल. नॅकच्या मूल्यांकनासाठी फाइल हवी असते म्हणून फोटोंनी भरलेले साठ पानी अहवाल बनतात आणि कपाटात जातात. पंधरा पानं आणि एक नीट एक्सेल पुरे: पहिल्या शीटवर बिलांतले कच्चे आकडे बिलाच्या तारखेसह, दुसऱ्यावर गुणक आणि ते कुठून घेतले, तिसऱ्यावर हिशेब, आणि त्यात हाताने टाइप केलेला एकही आकडा नको, सगळी सूत्रं. अंदाज असलेल्या खान्यांना पिवळा रंग.

सोबत विद्युत अभियंत्यांसाठी एक पानी टिपण मराठीत द्या: तीन कामं, खर्च, परतफेड. इथे विद्यार्थी एक ठरलेली चूक करतात: बिलाची रक्कम भागिले युनिट्स असा दर काढतात. त्यात मागणी आकारही (युनिट्सवर नव्हे, कमाल मागणीवर लागणारा) येतो, आणि पंखे बदलल्याने तो फारसा कमी होत नाही. बचतीला फक्त ऊर्जा आकार आणि त्यावरचे युनिटनिहाय आकार लावा. समजा तो १० रुपये. जुना ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला तर ४५ वॉट वाचतात. वर्गात वर्षाला १,७६० तास चालणारा पंखा ७९ युनिट्स वाचवतो, २,८०० रुपयांच्या पंख्याची परतफेड साडेतीन वर्षांनी. अभ्यासिकेत ४,२०० तास चालणारा १८९ युनिट्स वाचवतो, तिथे तीच परतफेड दीड वर्षात. म्हणून ‘सर्व पंखे बदलावेत’ अशी शिफारस लिहू नका. ‘आधी अभ्यासिका, मग वाचनालय, मग वसतिगृह, शेवटी वर्ग’ असा क्रम द्या. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात आणि पहिला टप्पा चुकीच्या जागी लागला की दुसरा येत नाही.

रात्रीच्या वाचनांचे फोटो, मीटरची यादी आणि ऑगस्टच्या कचरा-तक्त्याची प्रत कक्षाच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवा. स्वतःच्या विद्यार्थी-ईमेलच्या ड्राइव्हवर नको, तुमचा अभ्यासक्रम संपला की ते खातं बंद होतं. पुढच्या मे महिन्यात येणाऱ्या इंटर्नला त्याच मीटरवर, त्याच वेळी, शनिवारी रात्री ११ ला उभं राहता आलं पाहिजे.